खांद्याची गोलाई

मकरपुऱ्याच्या त्या कारखान्याच्या गेटवर
शिपायानं विचारलं, बॅगेत काय?
म्हटलं, मोडलेले शाफ्ट आहेत सात,
आणि एक न मोडलेला.
त्यानं रजिस्टरात लिहिलं: लोखंड, नग आठ.

पिनाकिनभाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
मी सात मांडले ओळीनं.
सातही एकाच जागी तुटलेले,
बेअरिंग टेकतं त्या खांद्याशी,
जिथं पस्तीसचा व्यास तीसवर उतरतो
काटकोनात, एकदम,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा.

भिंग दिलं त्यांच्या हातात.
तुटलेल्या तोंडावर रेषा होत्या बारीक,
सूरसागर उपसला तेव्हा काठावर
पाण्याच्या राहिल्या होत्या तशा.
म्हटलं, हा एका दिवसात नाही मोडला.
कोपऱ्यात सुरू झाला, केसाएवढा,
आणि कुणाच्या गच्चीवरची टाकी रोज भरत असताना
रोज थोडा आत गेला.

"माल हलका वापरला असेल तुम्ही."
हे येणार ठाऊक होतं.
लॅबचा कागद वरच्याच कप्प्यात ठेवला होता.

मग आठवा काढला.
खांद्याशी अडीच मिलिमीटरची गोलाई,
बेअरिंग तिच्यावर चढू नये म्हणून मध्ये एक कडं,
आतली कड मारलेलं,
तान्ह्या मुलीच्या बांगडीएवढं.
पर्वतसिंहनं टूल तीनदा घासलं होतं त्यासाठी,
नुसत्या डोळ्यानं;
गेज लावलं तर फटीतून उजेड येईना.

पिनाकिनभाईंनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
परत एकदा फिरवला.
मग ड्रॉइंग मागवलं. पिवळं,
घड्यांवर चिकटपट्टी, खाली सही, साल त्र्याऐंशी.
"मोटाभाईंची आहे," ते म्हणाले,
आणि दारावरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

मी म्हटलं, रेघ चुकलेली नाही त्यांची.
तेव्हाचे पंप निम्म्या वेगानं फिरायचे.

"किंमत?"
नगामागे अकरा रुपये चाळीस पैसे जास्त.
"आणि मोडणार नाही?"
नाही मोडणार.
"शितोळेभाई, वर्षाला चारशे नग
बदली म्हणून घेतो आम्ही तुमच्याकडून.
त्यांचं काय?"

हा हिशेब झाला होता माझा,
दांडिया बाजारात, स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत,
चलनाच्या पाठीवर.
घरी दाखवला नव्हता.
रात्री एकदा वाटलंही होतं, राहू द्यावा कोपरा,
कोण बघतंय.
पण लेथवर दर वेळी तिथं आलो
की हात आपोआप थांबायचा,
जणू माहीत असलेलं खोटं
परत एकदा सहीनिशी लिहून द्यायचंय.

एवढं सगळं कुठं बोलतो माणूस.
म्हटलं, दुसरं काहीतरी करू.

"जोईशुं," म्हणाले पिनाकिनभाई.
चाळीस वर्षं झाली बडोद्यात,
या शब्दाचा व्यास अजून मोजता आलेला नाही.
चहा आला. प्यालो. सात गुंडाळले.
आठवा त्यांच्या हातातच होता,
फोनवर बोलताना
अंगठा त्याच जागी फिरत होता.
मागितला नाही मी.

गेटवर शिपायानं बॅग उघडली, मोजले.
आत आठ, बाहेर सात. एक कुठं?
म्हटलं, साहेबांनी ठेवून घेतला.
"तर तसा कागद पाहिजे. साहेबांच्या सहीचा.
त्याशिवाय सोडता येणार नाही."

म्हटलं, घे मागवून.
घाई नाही.
आणि स्कूटरला टेकून उभा राहिलो,
भर उन्हात,
सही येईपर्यंत.