नवा रकाना

खोका आला मंगळवारी, अकराच्या उन्हात.
निळा. कडेला चकचकीत पाटी:
अमुक धर्मादाय न्यासाच्या सौजन्याने.
झाकणाआधी मी पाटीच पुसली,
न्यासाचा माणूस बघत होता म्हणून.

आत बर्फाच्या चार विटा
आणि मधे करंगळीएवढ्या बाटल्या,
फुप्फुसात कफ दाटून पोर निळं पडू नये
म्हणून कुठून कुठून आलेल्या,
विडी घरकुलातल्या समाजमंदिरात
घाम फुटलेल्या.

रजिस्टर मात्र जुनंच.
छापणाऱ्याला ही लस ठाऊक नव्हती.
बीसीजीला घर, पोलिओला घर, गोवरला घर,
हिला टेकायला जागा नाही.
पट्टी शोधली, तर ती अंगणवाडीच्या पोरांनी मोडलेली.
तेव्हा रांगेतून नागमणी चिलवेरीने
पान कापायचा पत्रा पुढे केला.
तेंदूच्या रसाने काळा, कडेला धार.
"ह्याच्यावर ओढा की अक्का. सरळ येतंय."

पत्रा विडीच्या मापाचा, पान हातभर.
रेघ तुकड्यातुकड्यांनी
जोडत खाली नेली.

"पैसे कुणाचे?" यल्लव्वा मादूरने विचारलं.
कुणी बाई वारली, लांबची. मूलबाळ नव्हतं.
लिहून ठेवून गेली.
"नाव काय तिचं?"
कागद उलटासुलटा केला.
न्यासाचं नाव होतं, ठळक. तिचं नव्हतं.
"अशी कशी बे ही आजी," म्हणाली यल्लव्वा,
आणि नातवाचा झबला वर केला.

कॅमेरेवाल्याला टोचल्यानंतर हसणारं बाळ हवं होतं.
सहा पोरं झाली, सहाही सूर लावून रडली.
"आधी हसतंय तेच घ्या साहेब,
फोटोत सुई कुठली कळतीय?"
बायका हसल्या. तोही हसला. घेतला त्याने तसाच.

बाहेर घेतली तर चौतीसशेला एक,
डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांगू नका म्हणून.
मी सांगितलं.
नागमणीची बोटं मांडीवर चालू लागली:
हजारी दोनशे, म्हणजे सतरा हजार विड्या.
सतरा दिवस, मान वर न करता,
तेही छाट एक न निघता.
"एवढं सगळं
हिच्या मांडीत जाणार?"
हारिकाची मांडी माझ्या दोन बोटांत मावत होती.

टोचलं. कापूस दाबून धर म्हटलं.
तिने धरला. धरूनच राहिली.
मग आवाज न चढवता, बाजारात भाव विचारावा तसं,
"गेल्या गड्ड्याला का नव्हती ही?"

माहितीपत्रकात चौदा प्रश्न आहेत
आणि चौदाही उत्तरं मला पाठ:
ताप येईल का, सूज किती दिवस, दूध कधी पाजायचं.
हा प्रश्न कुणी छापला नव्हता.

गेल्या वर्षीचं रजिस्टर कपाटात खालच्या फळीवर आहे.
वेणुगोपाल चिलवेरी, वय चार महिने,
माझ्याच अक्षरात, पुढे लाल शाई.
सिव्हिलच्या पायऱ्यांवर
त्याच्या फासळ्या आत-बाहेर होत होत्या,
हे रजिस्टरात नाही. ते मी पाहिलं होतं.
त्या पानांवर आता रेघ ओढून काही होणार नाही.
पैसा मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणणार होते.
नाही म्हटलं.

चार वाजता खोका परत जायचा.
न्यासाचा माणूस जाताना म्हणाला,
तीन वर्षांची खात्री आहे, पुढचं पुढे बघू.
मान हलवली.
तो गेल्यावर पत्रा पुन्हा धरला
आणि रकाना आखत बसले,
तिसरं वर्ष भरेल त्या पानाच्या पुढे,
शेवटच्या पानापर्यंत, पुठ्ठ्याला टेकेपर्यंत.

नागमणी दारात उभीच होती, पोर खांद्यावर,
पोर आता हुंदके देत झोपलेलं.
"पत्रा द्या की अक्का.
सांजेला माल द्यायचाय."