उताराचा सराव

पहाटे साडेतीनला समर्थ मंदिर मागे टाकते.
डोक्यावर दिवा, कमरेला मीच शिवलेला पट्टा:
एका खिशात मीठ, दुसऱ्यात चार कंदी पेढे,
तिसरा रिकामा.
तिसरा का शिवला, आठवत नाही.

दिवसभर मशीनवर पाय चालतच असतात.
आठ ब्लाऊज, दोन साड्यांना पिको,
आणि जागचं हलायचं नाही.
म्हणून असेल हे सगळं.

चढ मला येतो.
चढ म्हणजे भिशी, थोडी थोडी भरायची.
उतारावर मात्र गुडघे माझे राहत नाहीत.
अंगठ्याचं नख काळं पडून निघालं,
ते बटणांच्या डबीत ठेवलं होतं.
नसीमाने बटण म्हणून उचललं,
उजेडात धरलं,
काही न बोलता परत ठेवलं.

यवतेश्वरच्या वर, पायवाट फुटते तिथे
दुधाची किटली घेऊन बिरू आखाडे उतरत होते.
"कोण लागलंय पाठी?"
"कोणी नाही. शर्यत आहे डिसेंबरात. पासष्ट किलोमीटर."
"मग पायाकडं कशाला बघतीस?
पाय कुठं जात न्हाईत.
म्होरच्या तिसऱ्या दगडाकडं बघ."
आणि गेले. झाकणसुद्धा वाजलं नाही.

शिवताना मी सुईकडे कधी बघत नाही,
दोन बोटं पुढे बघते.
वीस वर्षं.

आज मुरूम सरकला, तळहात सोलला,
तरी तिसरा दगड सुटला नाही.

घरी येऊन पट्टा झटकला:
तिसऱ्या खिशात मूठभर कुसळं.
ती वेचत बसले,
गिऱ्हाईक दारात.