अंगाबरोबर

चार दिवस मांस शिरक्यात पडून असतं
तळघरात, खापराच्या बरणीत,
सोबत कांदा, गाजर, तमालपत्र, जुनिपरचे काळे मणी.
माझे सासरे रोज सकाळी जिना उतरतात,
बाही सारून त्याला कुशीवर वळवतात,
अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वळवावं तसं,
आणि झाकण लावताना काहीतरी पुटपुटतात.
काय, ते मी सोळा वर्षांत विचारलेलं नाही.

रविवारी मात्र वेंडेलिन यांच्या तोंडाचा पट्टा सुरू.
"मेख्टिल्ड, आच मंद. मेख्टिल्ड, आधी निथळू दे, पूस.
तळाशी धरलं तर धरू दे,
चव तिथेच बसलेली असते."
मग गाळलेला शिरका पातेल्यात.
चर्रर्र करून वाफ उठते, नाक झोंबतं,
त्यांचा चष्मा आंधळा होतो
आणि ते तो पुसत नाहीत.

तीन तासांनी मांस बाहेर.
उरतं ते नुसतं आंबट, तपकिरी पाणी,
त्याचा रस करायचा.
मूठभर मनुका.
बिटाची काकवी, चमचा तिरका धरून,
काळी, चिवट, ओल्या मातीच्या वासाची.
आणि नाताळातून उरलेला मसाल्याचा लेबकुखन,
दगड झालेला,
माझ्या तळव्यात चुरून.
"पाणी नको, लापशी नको.
अंगाबरोबर हवा."

इतकं सगळं करून
ते मांस खात नाहीत. कधीच नाही.
बटाट्याचे दोन गोळे, वर रस,
आणि मांसाचं ताट डावीकडे पुढे.
पाहुण्यांना दातांचं निमित्त सांगतात.
त्या दातांनी ते अक्रोड फोडतात.

या वर्षी बिटांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागलेले,
कारखान्याचा गोडसर कुबट वास थेट खिडकीत,
आणि पळी हलवता हलवता,
कुणी न विचारता, ते म्हणाले:

"फुक्सने दोन हिवाळे बिटं ओढली.
अकरा किलोमीटर. लगाम माझ्या हातात,
मी नऊ वर्षांचा,
वाट तोच जाणायचा.
तिसऱ्या हिवाळ्यात रेल्वेच्या फाटकाशी त्याचा पाय मोडला.
मला सांगितलं, त्सुल्पिखला नेलाय, गुरांच्या डॉक्टरकडे.
एसर खाटकाने अर्धे पैसे दिले,
अर्ध्याचं मांस.
आई म्हणाली, गाय आहे.
त्या रविवारी काकवी तिने दुप्पट ओतली,
त्यानेच ओढलेल्या बिटांची.
पोरं गोडाला भुलतात ना.
मी दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी ती तबेल्यात बसून
त्याचा साज पुसत होती. विकायला."

पातेल्यात एक बुडबुडा फुटला, जाड, सावकाश.
त्यांनी पळीच्या टोकाने चाखलं.
मला वाटलं, काकवी कमी पडली असेल,
मी बरणीकडे हात नेला.
त्यांनी मनगट धरलं.
"राहू दे. थोडं आंबट कळू दे."

टेबलावर सगळे गप्प, भुकेने.
बाहेर ट्रॅक्टर गेला, काचा थरथरल्या.
लिओबाने, माझ्या सहा वर्षांच्या लेकीने,
हनुवटीवरचा रस जिभेने टिपला,
ताट पुढे केलं,
आणि विचारलं, हे कोण आहे?
काय नाही. कोण.

"गाय," मी म्हटलं.
सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"खरंच गाय," मी जरा मोठ्याने म्हटलं,
आणि फळीवरची दुकानाची पावती काढून
तिच्यासमोर ठेवली.
तिला अजून वाचता येत नाही.

वेंडेलिन यांनी चष्मा काढला,
रुमालाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या,
आणि पावती
खालच्या तारखेपर्यंत वाचली.