बुटांची माती

माझं काम तसं कुणालाही जमेल.
गाडी घेऊन ऑकलंडला जायचं,
परतणाऱ्या माणसाच्या अंगावर स्वेटर टाकायचा
आणि तोंडाला कुलूप लावायचं.
"कसं होतं तिकडे?" विचारायचं नाही.
किती गेले, हे तर नाहीच.
"भूक लागलीय का?" एवढं चालतं.

माराएआला भूक नव्हती.
मच्छी-चिप्सचा गरम पुडा तिनं मांडीवर धरून ठेवला,
मांजर धरतात तसा.

ओपोटिकीपर्यंत साडेचार तास.
ते पुकेच्या किवीच्या बागा मागे पडल्या,
जुलैचा ओला उजेड काचेवरून ओघळत होता,
आणि ती बोलली, रस्त्याकडे बघतच:
"त्यांनी माझे बूट धुतले."

कोणी?
"विमानतळावर. कोणी देसमंड. भला माणूस.
हातमोजे घातले, बूट उलटे केले,
ब्रशानं एकेक खाच उकरली.
परक्या मातीत बी असतं म्हणाला, रोग असतो.
सॉरी पण म्हणाला."

मग पुन्हा गप्प. एक पूल गेला. दुसरा.

"तिकडे लेइसाऊ घासायची ते. रोज संध्याकाळी.
करवंटीच्या तुकड्यानं.
दरड आली तिच्या घरावर, घरात सून होती, नातू होता.
मी वही घेऊन तंबूतंबूत फिरायची,
कोण कुणाचं, कोण कुठे, कोण एकटं.
आणि ही बाई माझे बूट घासत बसायची.
मी नको म्हटलं. आमच्या टीमलीडरनं नको म्हटलं.
ती म्हणाली, मग मी हातांचं काय करू?"

"शेवटच्या दिवशी तिनं घासले नाहीत.
म्हणाली, आज राहू दे.
तुझं घर बघून येऊ दे त्यांना."

'त्यांना' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.
वायपर उगाच चालू ठेवला.

मला माझं आठवलं. एकोणतीस वर्षं झाली.
कॉलऱ्याच्या छावणीतून आले,
नवऱ्यानं दार उघडलं, म्हणाला,
"रंग छान चढलाय तुझ्यावर."
बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.
मी तीन महिने उकळलेल्या पाण्याशिवाय
काही प्यायले नाही, त्याला वाटलं डाएट.

पहिल्या आठवड्यात सगळे येतात.
केक येतो, शाळेत बोलायला बोलावतात,
पेपरात फोटो.
दुसऱ्यात ऑफिस एक फॉर्म पाठवतं:
झोप कशी आहे, एक ते पाच.
तिसऱ्यात कुणी येत नाही.
म्हणून मी तिसऱ्यात जाते.

फोन तिनं चारदा उचलला नाही.
गेले. दार उघडंच होतं,
ती मागच्या पायरीवर.
शेजारच्या पोरांचे रग्बीचे बूट, सहा जोड,
चिखलानं लडबडलेले, ओळीनं मांडलेले.
लोणी लावायच्या सुरीनं ती
एकेका खिळ्याभोवतीची माती काढत होती,
इतकी हळू, की आत कुणी झोपलं असावं.

"पोरांच्या आईनं सांगितलं?"
"नाही."

तिचे स्वतःचे बूट नळाखाली पडले होते,
लख्ख, दुकानातून आणल्यासारखे.
त्यांच्याकडे ती बघत नव्हती.

हे सगळं कुठल्या फॉर्मात बसवायचं, मला माहीत नाही.
झोपेच्या रकान्यात? की 'इतर'मध्ये?
स्वयंपाकघरात जाऊन एक चमचा शोधला,
तिच्या बाजूला बसले, एक बूट ओढला.
लहानसा, आतल्या बाजूला पेनानं नाव लिहिलेलं,
पुसट.

बराच वेळ खरवडण्याचाच आवाज.

मग माराएआनं माझ्या हाताकडे पाहिलं.
"चमचा नको," ती म्हणाली,
"खाचेत पोचत नाही तो.
ड्रॉवरमध्ये अजून एक सुरी आहे बघ."