म्हणजे

उन्मेष साळसकर मुलाखतीत किती शब्द बोलतात
ते आमच्या बिवलकर बाई मोजतात.
मुलुंडला दोनशे अकरा.
त्यातले चाळीस 'म्हणजे'.

'म्हणजे' म्हणतात आणि थांबतात.
पुढे येतं ते फक्त बाहीचं बटण,
डाव्या हाताच्या चिमटीत,
जुन्या रेडिओवर स्टेशन लावावं
तसं सावकाश फिरवलेलं.

निवेदक नवा असला की घाबरतो,
पहिल्या प्रश्नावर दुसरा रचतो, दुसऱ्यावर तिसरा.
आम्ही तिसऱ्या रांगेतून मनात म्हणतो,
अरे थांब की जरा, येतंय.
कुकर आहे का तो, शिट्ट्या मोजायला?

आणि येतंही कधीकधी.
पार्ल्यात कुणी विचारलं, 'प्रेरणा कोणाची?'
बराच वेळ स्वतःचे बूट बघून म्हणाले,
'बाबा लग्नाच्या बँडमध्ये होते. परळला.
सीझनमध्ये रात्री दोनला घरी यायचे.
आधी टोपी काढायचे, मग क्लॅरिनेट पुसायचे,
मग जेवायचे.
मी जागा असायचो. म्हणजे…'
एवढंच.
टाळी कुणी वाजवली नाही.
बिवलकर बाईंच्या वहीत त्या दिवशीचा आकडा
अर्धवट आहे.

हसतात तेव्हा आधी कान हसतात, मग ओठ.
हे टीव्हीवर दिसत नाही,
त्यासाठी तिसरी रांगच हवी.

वाजवतात सुंदर, ते आहेच.
मारव्यात खालच्या धैवतावर ते असे रेंगाळतात
की घरी गॅस चालू राहिलाय असं वाटू लागतं.
पण सुंदर वाजवणारे पुष्कळ आहेत.
या शहरात लिफ्टमध्येसुद्धा माणसं
तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत मत देतात,
तिथे प्रश्न अंगावर आला की
दार लोटून आत जाणारा एक माणूस,
तो आम्हाला जपावासा वाटतो.
सून म्हणते, 'आई, त्यांचं वय अठ्ठेचाळीस आहे.'
असू दे.

परवा दाढ ठणकत होती म्हणून
माटुंग्याला डॉक्टर कापडियांकडे गेले,
तर समोरच्या बाकावर ते.
मांडीवर काळी पेटी, पेटीवर दोन्ही हात,
तिलाच दाखवायला आणल्यासारखी.
(क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकतं.
हे सांगायला त्यांना एकदा चार मिनिटं लागली होती.)

बावीस वर्षांचं सगळं ओठांशी आलं.
ठाण्याची ती मैफल, वीज गेली तरी चालू राहिलेली.
आई गेली त्या आठवड्यात
रोज रात्री उशाशी ठेवून ऐकलेलं ते रेकॉर्डिंग.
मी म्हणाले,
'म्हणजे…'
आणि पर्सची चेन उघडली.
बंद केली.

त्यांनी वर पाहिलं. कान जरासे हलले.
'तुमचा नंबर आधी आहे.'

आत खुर्ची आडवी झाली.
तोंडात आरसा, कापूस, सूं सूं करणारी नळी,
आणि डॉक्टर विचारत होते,
मुलगा काय करतो? रिटायर झालात का?
यंदा गावी जाणार की नाही?
मी दिव्याकडे बघत अं, अंहं करत राहिले.
सगळी उत्तरं होती माझ्याकडे.

पातळ भिंतीपलीकडे
कुणीतरी पेटीची कडी उघडली,
थोड्या वेळाने लावली.

बाहेर आले तेव्हा अर्धा गाल बधिर होता,
मी अर्ध्याच ओठाने हसले.
ते उभे राहिले, मला वाट द्यायला,
आणि पेटी छातीशी धरून आत गेले.

बिवलकर बाईंना अजून सांगितलेलं नाही.
चार शब्द आहेत.
वहीत मांडावेत तर
मुलाखत कुणी कुणाची घेतली
तेही लिहावं लागेल.