ओ काट

मेकोसाबागेतल्या आमच्या गच्चीवर
एलिया उन्हात बसलाय खुर्चीत,
उजवा पाय गुडघ्याखाली संपलेला.
संक्रांतीची दुपार. आमच्या घरी हा सण नाही,
पण आभाळ कुणा एकाच्या घरचं नसतं.
खाली पोरं धावताहेत
बोरीच्या फांद्या बांधलेले बांबू घेऊन,
नजर वर, पाय नालीत.

मी संत्र्याच्या साली उलटतेय
आणि माझा हिशेब चाललाय.
एकतीस वर्षं देवळातले बाक पुसले,
प्रभुभोजनाचा प्याला चिंचेनं घासला,
अंगात ताप असो, घरात मयत असो.
त्याच वर्षांत ह्यानं बाबांची पेटी विकली,
आईच्या औषधाचे पैसे पिऊन टाकले.
आणि गेल्या रविवारी कुबड्यांवर आला,
शेवटच्या बाकावर रडला,
तर रणभिसे पाळकांनी त्याच्या हातावर
माझ्याएवढाच तुकडा ठेवला.
माझ्याएवढाच. मी डोळ्यांनी मोजला.

रविवार-शाळेत मीच शिकवते लेकरांना :
कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं.
पाठ करून घेते.
चुकलं की उभं करते.

तेवढ्यात कटलेला एक जांभळा पतंग
शेजारच्या टाकीवरून, विजेच्या तारा चुकवत,
डुलत डुलत येतो.
दहा बांबू उठतात, आरडाओरड,
आणि तो अलगद बसतो एलियाच्या मांडीवर.
जो धावला नाही.
ज्यानं हातसुद्धा वर केला नव्हता.

तो पतंगाकडे बघतो, मग माझ्याकडे,
चोरी पकडल्यासारखा.
"बाई, मी त काहीच नाही केलं वं."

हे वाक्य त्यानं जन्मभर खोटं म्हटलं.
आज पहिल्यांदा खरं आहे.

माझ्या बोटांना सालींचा कडू वास.
त्या रविवारी कठड्याशी गुडघे टेकून
मीही हात पुढे केला होता की.
तुकडा ठेवायला तळवा रिकामा लागतो;
एकतीस वर्षं तेव्हा
मी कुठे ठेवली होती?

जिन्यावर पावलं वाजतात. पोरं आली मागायला.
"देऊन टाकू?" एलिया विचारतो,
फाटलेला कोपरा अंगठ्यानं सारखा करत.

मी लगेच बोलत नाही.
राग एका दुपारीत उतरत नाही माणसाचा.
सावली त्याच्या खांद्यावर आलीय,
तेवढी खुर्ची उन्हाकडे ओढते.
जड आहे तो, अजूनही.