शून्य-एक-शून्य

इबादानच्या वसतिगृहात
जेवणाचा हिशेब आकड्यांत सांगतात.
एक-एक-एक म्हणजे बापाचे लागोसला पेट्रोलपंप आहेत.
एक-शून्य-एक म्हणजे बरं चाललंय.
फेहिंतोला हसून सांगायची, शून्य-एक-शून्य,
जणू खोलीचा नंबरच सांगतेय.

सकाळी आठला माझा तास. तर्कशास्त्र.
जर अ, तर ब.
ती पहिल्या बाकावर, वही उघडी,
पेन 'अ'वरच थांबलेलं.
लक्ष कुठंय तुझं?
लक्ष खिडकीबाहेर होतं.
तिथे इया सिकिरा उकळत्या तेलात
चवळीच्या वाटणाचे अकारा सोडायची
आणि तो चर्र आवाज
माझ्या प्रत्येक पूर्णविरामावर येऊन बसायचा.

मुलगी आळशी आहे, असा शेरा मी लिहिला.
लाल शाईने.
पोटात उकडलेला याम होता तेव्हा, दोन अंडी, कपभर चहा.
भरल्या पोटी शेरे पटकन सुचतात.

दुपारी एकला तिचा तो 'एक' यायचा:
परातभर एबा, वर भेंडीचा रस्सा,
दिवसभराची भूक एका बैठकीत.
तीनच्या संख्याशास्त्राला ती बसल्याजागी झोपायची.
तिथेही कुणीतरी शेरा लिहिलाच असेल.

मग एका मंगळवारी मला रक्त तपासायचं होतं.
उपाशीपोटी या, म्हणाले होते,
आणि दवाखान्यात रांग दहानंतर.
आठ वाजता फळ्यावर मी 'जर अ' लिहिलं
आणि हात तिथेच राहिला.
पुढचं काही येईना.
खडू ओठाला लावला, चव घेतल्यासारखा.
बाहेर तेल चर्रकन बोललं.
पहिल्या बाकावरून हळूच आवाज आला,
"तर, मॅडम."

तास पुढे ढकला म्हणून अर्ज केलाय.
कार्यालयाचं उत्तर नाही.
एकदा अकाराची पुडी तिच्यापुढे सरकवली,
तर म्हणाली, भूक नाही.
खोटं बोलताना तिची मान अगदी सरळ असते.

सत्रपरीक्षेत मी विचारलं होतं,
चुकीच्या अनुमानाचं एक उदाहरण द्या.
तिने लिहिलं:
मुलगी खिडकीबाहेर पाहते.
म्हणून तिला शिकायचं नाही.

पूर्ण गुण दिले. लाल शाईनेच द्यावे लागतात.
पानाच्या कोपऱ्यात तेलाचा एक डाग होता,
बोटाएवढा.
पेपर सकाळचा होता.
डागही सकाळचाच असावा.